घरातला आवाज आणि डेसिबल मीटर : कोणता आकडा कोणत्या प्रश्नाचा?

नांदेड-लातूरच्या लोकांना डेसिबल मीटर माहीत झाला तो गणेशोत्सवातल्या डीजेमुळे. मिरवणुकीत पोलिसांच्या हातात मीटर असतो आणि दुसऱ्या दिवशी मर्यादा ओलांडणाऱ्या मंडळांवर गुन्हे नोंदवल्याची बातमी येते. आता हेच उपकरण घरातही आले आहे. साधा मीटर दोन-तीन हजार रुपयांच्या आत घरपोच मिळतो आणि फोनवरचे ॲप तर फुकटच असते. साउंडबार किंवा होम थिएटर घेतलेली कुटुंबे, जुन्या ॲम्प्लिफायरवर गाणी ऐकणारे शौकीन आणि मुलांच्या कानातले इअरफोन पाहून धास्तावलेले पालक या सगळ्यांचा प्रश्न एकच आहे : घरातले ऐकणे सुरक्षित आहे की नाही, हे मीटर सांगू शकतो का?

कानाचे डॉक्टर, ध्वनितंत्रज्ञ, संगीतप्रेमी आणि प्रदूषण नियंत्रणातले लोक याची वेगवेगळी उत्तरे देतात. त्यांच्यातले काही मतभेद खरे आहेत. बरेचसे मात्र एकाच आकड्याकडून निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे मागितल्यामुळे झाले आहेत. हे दोन प्रकार वेगळे करून वाद आज कुठे आला आहे, ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे. वेगळे सांगितलेले नसेल तिथे पुढचे सर्व आकडे ‘ए’ भारांकनाचे आहेत; ते काय असते, ते लगेच पुढे येते.

मीटर कसा घडला आणि घरात कसा आला

माणसाचा कान सर्व स्वर सारख्या तीव्रतेने ऐकत नाही. खर्जातला आवाज ऐकू येण्यासाठी त्यात बरीच जास्त ऊर्जा असावी लागते. अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये हे मोजून दाखवले आणि 1936 मध्ये ध्वनिपातळी मापकाचे पहिले अमेरिकी मानक आले. ‘ए’ भारांकन त्यातूनच आले. 1 किलोहर्ट्झचा आवाज ते जसाच्या तसा मोजते, 63 हर्ट्झच्या खर्जातून मात्र सुमारे 26 डेसिबल वजा करते. ‘सी’ भारांकन याच ठिकाणी एक डेसिबलही वजा करत नाही. वूफर लावलेल्या खोलीत ‘ए’ आणि ‘सी’ यांचे आकडे एवढे दूर का जातात, त्याचे कारण हेच.

आजचे आंतरराष्ट्रीय मानक आयईसी 61672 आहे आणि त्याचे भारतीय रूप आयएस 15575. त्यात उपकरणांचे दोन वर्ग आहेत. 1 किलोहर्ट्झला पहिल्या वर्गाची मुभा अधिक-उणे 0.7 डेसिबल, तर दुसऱ्या वर्गाची 1 डेसिबल आहे. पट्टीच्या दोन्ही टोकांना, म्हणजे अगदी खर्जात आणि अगदी तार स्वरांत, ही मुभा बरीच सैल होते. स्वस्त मीटरच्या खोक्यावर ‘क्लास 2’ छापलेले असते, पण तपासणीचे प्रमाणपत्र नसेल तर तो विक्रेत्याचा दावा समजावा.

मीटर घरात आला तो दोन वाटांनी. पहिली वाट होम थिएटरची. रिसीव्हरमधून चाचणीचा आवाज सोडायचा, बसण्याच्या जागी मीटर ‘सी’ आणि ‘स्लो’ म्हणजे मंद प्रतिसादावर ठेवायचा आणि प्रत्येक स्पीकर 75 डेसिबलवर आणून सगळे समतोल करायचे. या 75 चा कानाच्या सुरक्षिततेशी संबंध नाही, तो फक्त स्पीकर जुळवण्याचा आकडा आहे. दुसरी वाट आरोग्याची. अमेरिकेतल्या ‘नायोश’ या कामगार-आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी 2014 मध्ये आवाज मोजणारी 192 ॲप पाहिली. त्यांच्या निकषांवर उतरली ती आयफोनची 10 आणि अँड्रॉइडची अवघी 4. मग 2017 मध्ये संस्थेने स्वतःचे ॲप काढले, तेही आयफोनपुरते. अँड्रॉइड फोन अनेक कंपन्यांचे असतात, प्रत्येकाचा माइक निराळा, त्यामुळे एकच ॲप सगळ्यांवर सारखे चालण्याची हमी देता येत नाही. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइडच असल्याने ही अडचण आपल्याला जास्त जाणवते.

मर्यादेचे आकडे कुठून आले

‘85 डेसिबलपर्यंत धोका नाही’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. हा आकडा कारखान्यातून आला आहे. आपल्याकडच्या कारखाना नियमांत आठ तासांना 90 डेसिबलची मर्यादा आहे. नायोशने 1998 मध्ये आठ तासांना 85 ची शिफारस केली, पण त्याच अहवालात हेही नोंदवले की 85 डेसिबलला चाळीस वर्षे काम केलेल्या शंभरांतल्या सुमारे 8 जणांना श्रवणहानीचा जादा धोका राहतो, 90 ला तो 25 जणांना असतो. 85 हा आकडा रोजगारासाठी किती धोका पत्करायचा याची तडजोड आहे. करमणुकीसाठी तेवढाच धोका पत्करावा, असे तो सांगत नाही.

करमणुकीसाठीचा मानदंड त्यानंतर आला. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून केलेला ‘एच.870’ हा मानदंड 2018 मध्ये तयार झाला आणि 2019 मध्ये जाहीर झाला. प्रौढांसाठी आठवड्याला 80 डेसिबलचे 40 तास आणि मुलांसारख्या नाजूक गटासाठी 75 डेसिबलचे 40 तास, एवढा आवाजाचा वाटा त्यात धरला आहे. यामागे सरळ गणित आहे. पातळी 3 डेसिबलने वाढली की ऊर्जा दुप्पट होते आणि ऐकण्याचा वेळ निम्मा उरतो. म्हणून 80 ला 40 तास, 83 ला 20, 86 ला 10, 89 ला 5, 92 ला अडीच तास आणि 95 ला सव्वा तास. 100 ला आठवड्याची वीस-चोवीस मिनिटेच पुरतात.

याहून कडक आकडेही आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 1974 मध्ये चोवीस तासांची सरासरी 70 डेसिबल धरली होती. आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने 2018 मध्ये करमणुकीच्या आवाजासाठी हीच सरासरी सशर्त सुचवली. ती 80 डेसिबलच्या भाषेत मांडली तर आठवड्याला सुमारे 17 तास होतात, म्हणजे एच.870 च्या निम्म्याहून कमी. आपल्याकडे फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना आणि वैद्यकीय महाविद्यालयांना पत्र पाठवले. इअरफोन गरजेपुरताच, दिवसाला दोन तासांच्या आत आणि 50 डेसिबलपेक्षा कमी आवाजात वापरावा, असा त्यातला सल्ला होता.

कायद्याचा आकडा तर वेगळ्याच कामाचा आहे. ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर यापेक्षा 5 डेसिबलने जास्त चालतो, त्याहून नाही. म्हणजे दिवसा 60, रात्री 50. हे मोजमाप कुंपणापाशी होते आणि ते शेजाऱ्याच्या शांततेसाठी आहे, ऐकणाऱ्याच्या कानासाठी नव्हे.

चार भूमिका

पहिली भूमिका मोजण्याचा आग्रह धरणाऱ्यांची. कान मोठ्या आवाजाला लवकर सरावतो, तासाभरापूर्वी मोठा वाटलेला आवाज नंतर बेताचा वाटू लागतो. मीटर मात्र सरावत नाही. ही बाजू भक्कम आहे. तिच्यातली उणीव ही की मीटरच्या पडद्यावर त्या क्षणाची पातळी दिसते आणि बरेच जण तीच मर्यादेशी ताडून पाहतात. नांदेडच्या ‘संगीत शंकर दरबार’सारख्या मैफलीत बसलेल्या रसिकाला ठाऊक असते की आलापाचा आवाज आणि तबल्याच्या थापेचा आवाज यांत केवढे अंतर असते. अशा संगीताचे एका क्षणाचे वाचन काहीच सांगत नाही. लागते ती पूर्ण वेळेची ऊर्जेनुसार सरासरी, जिला ‘एलईक्यू’ म्हणतात. बऱ्याच स्वस्त मीटरमध्ये ती सोय नसते.

दुसरी भूमिका साध्या सवयींची. आवाज कमाल पातळीच्या 60 टक्क्यांवर, एका वेळी 60 मिनिटे, मध्ये विश्रांती, आणि हातभर अंतरावरचे बोलणे ऐकू आले पाहिजे. डॉक्टरांना हे सांगायला सोपे आणि लोकांना लक्षात ठेवायला सोपे जाते. त्यासाठी खर्चही नाही. आक्षेप असा की 60 टक्के हा डेसिबलचा आकडा नव्हे. एका फोनवर एका इअरफोनने 60 टक्क्यांना 75 डेसिबल मिळतील, तर दुसऱ्या जोडीने त्याच खुणेवर 88.

तिसरी भूमिका म्हणते, हिशेब उपकरणानेच ठेवावा. एच.870 याच विचारावर उभा आहे. आयफोनमध्ये आणि अँड्रॉइडच्या 14 व्या आवृत्तीपासून पुढच्या अनेक फोनमध्ये इअरफोनच्या आठवडाभराच्या आवाजाचा अंदाज ठेवून इशारा देण्याची सोय आहे. पातळी आणि वेळ दोन्हींचा एकत्र हिशेब ठेवणारी ही एकमेव भूमिका आहे. पण फोनला स्वतःच्या कंपनीच्या इअरफोनची संवेदनक्षमता माहीत असते. लातूरच्या गांधी चौकात किंवा नांदेडच्या वजिराबादमध्ये घेतलेल्या दीडशे रुपयांच्या इअरफोनबद्दल त्याला अंदाजच बांधावा लागतो. टीव्ही, साउंडबार आणि वरातीतला डीजे तर त्याच्या हिशेबात येतच नाहीत.

चौथी भूमिका नियमनाची. ऑगस्ट 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर निकाल देताना पोलिसांकडे ध्वनिमापक असलेच पाहिजेत, असा आग्रह धरला. जानेवारी 2025 च्या दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने पोलिसांनी डेसिबल मोजणारी मोबाइल ॲपही वापरावीत असे सुचवले. आवाजाचा त्रास लगेच तपासता यावा, ही त्यामागची दृष्टी आहे. मोजमापशास्त्राच्या बाजूचे लोक म्हणतात की फोनचे वाचन पहिल्या पाहणीला चालेल, गुन्हा सिद्ध करायला तपासलेले उपकरणच हवे. घरच्या वापरालाही हीच विभागणी लागू पडते : अंदाजाला ॲप, निर्णयाला पडताळलेला मीटर.

नांदेड-लातूरच्या घरात

वरच्या भूमिका जगात कुठेही मांडता येतात. त्यांचा कस लागतो तो इथल्या खोलीत. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज 6 डेसिबलने कमी होतो. आपल्या घरांत मात्र खाली फरशी, वर स्लॅब, भिंती उघड्या आणि पडदे मोजके असतात. आवाज परत परत उसळतो आणि मागे सरकून बसल्याचा तेवढा फायदा होत नाही. गादी, सतरंजी, जाड पडदा, पुस्तकांचे कपाट यांनी फरक पडतो.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. मार्च ते जून कूलर चालू असतो आणि टीव्हीवरचे बोलणे नीट कळायचे तर ते भोवतालच्या आवाजापेक्षा दहा-पंधरा डेसिबलने वर असावे लागते. समजा कूलरचा आवाज बैठकीत 60 डेसिबल आहे, तर टीव्ही 70-75 वर जातो. 75 डेसिबलला रोज चार तास धरले तर आठवड्याचे 28 तास होतात. प्रौढाच्या वाट्याचा हा पाव हिस्साही नाही, लहान मुलाच्या वाट्याचा मात्र सत्तर टक्के आहे. टीव्हीने प्रौढांचे कान सहसा जात नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. मुलांसाठी मात्र कूलर खिडकीबाहेर सरकवणे किंवा त्याची गती कमी करणे हा आवाज कमी करण्याचा पहिला उपाय ठरतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट विद्यार्थ्यांची. अकरावी-बारावी आणि नीटच्या तयारीसाठी लातूर आणि नांदेडला राज्यभरातून मुले येतात. एका खोलीत तिघे-चौघे राहतात, बाहेर रस्त्याचा गलबला असतो आणि रेकॉर्ड केलेली लेक्चर इअरफोनवर चालतात. रोज सहा तास, 75 डेसिबल धरले तर आठवड्याचे 42 तास होतात. प्रौढाच्या मापाने हा वाट्याचा तिसरा हिस्सा, मुलांच्या मापाने वाटा संपून वर. त्यात रोज अर्धा तास 95 डेसिबलची गाणी मिळवली, तर नुसत्या गाण्यांनीच प्रौढाचा वाटा जवळजवळ तिप्पट होतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला कोणते माप लावायचे, हा प्रश्न इथे पुस्तकी राहत नाही.

आणि घराबाहेरचे? वरातीत डीजेजवळ 100 डेसिबलला दोन तास नाचणे म्हणजे पाच-सहा आठवड्यांचा वाटा एका संध्याकाळी खर्च करणे. लग्नसराईच्या दिवसांत घरातल्या आवाजाचा हिशेब यापासून वेगळा धरता येत नाही.

ज्यावर एकमत आहे

वाद असले तरी मोजण्याच्या पद्धतीबद्दल जाणकारांत फारसे दुमत नाही. खोलीतला आवाज मोजताना मीटर ऐकणाऱ्याच्या डोक्याच्या जागी, कानाच्या उंचीवर धरावा आणि आपण हातभर दूर राहावे. कानाच्या सुरक्षिततेसाठी ‘ए’ आणि ‘स्लो’, शक्य असेल तर पूर्ण सिनेमाची किंवा मैफलीची सरासरी. पंख्याचा किंवा कूलरचा झोत माइकवर आला की वाचन खोटे वाढते, म्हणून स्पंजची टोपी लावावी आणि झोताबाहेर मोजावे. आधी सगळे बंद करून खोलीचा मूळ आवाज नोंदवावा. फोनवर मोजत असाल तर कव्हर काढावे, आणि फार मोठ्या आवाजात फोनचा माइक कमी दाखवतो हे लक्षात ठेवावे. 1 किलोहर्ट्झला 94 डेसिबल देणारा कॅलिब्रेटर जवळ असेल तर मोजण्याआधी पडताळणी करावी.

दुसरे एकमत इअरफोनबद्दल आहे. मीटरचा माइक इअरफोनला चिकटवून मिळालेला आकडा टाकाऊ असतो. कानाची नळी 3 किलोहर्ट्झच्या आसपास आवाज दहा-पंधरा डेसिबलने वाढवते आणि इअरफोन कानात कसा बसला यावर खर्ज ठरतो. म्हणून प्रयोगशाळेत कृत्रिम कान किंवा पुतळा वापरतात आणि मिळालेला आकडा मोकळ्या जागेतल्या आवाजाच्या मापात बदलून घेतात. घरी हे होत नाही. तिथे फोनचा अंदाज, कमाल आवाजाला घातलेली मर्यादा आणि कानात नीट बसणारा इअरफोन हेच उपाय आहेत. बाहेरचा गलबला अडला की आवाज वाढवण्याची गरज उरत नाही.

तिसरे एकमत कमी बोलले जाते. घरातल्या वडीलधाऱ्यांना टीव्ही दर वर्षी मोठा लागत असेल, तर मीटर ती वाढ आकड्यांत दाखवतो. तिथे उपाय टीव्हीचा नाही, कानाच्या तपासणीचा आहे. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, दोन्हीकडे कान-नाक-घसा विभाग आहेत.

जे अजून ठरलेले नाही

पहिला प्रश्न मर्यादेचा. आठवड्याला 80 डेसिबलचे 40 तास, चोवीस तासांची 70 ची सरासरी आणि 50 डेसिबलचा सल्ला यांत मोठे अंतर आहे. मीटरभर अंतरावरचे साधे बोलणेच 60 च्या आसपास असते. कूलर चालू असलेल्या खोलीत 50 डेसिबलला ऐकणे जमणार नाही, असे काही म्हणतात. हेतू इअरफोनच कमी वापरण्याचा असेल तर एवढा कडक आकडा योग्यच, असे दुसरे म्हणतात.

दुसरा प्रश्न अधिक खोलातला. 2009 मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर दाखवले की 100 डेसिबलच्या (भारांकनाविना) दोन तासांनंतर श्रवणपातळी पूर्ववत झाली, तरी कानातल्या चेतातंतूंचे अनेक जोड कायमचे गेले. नेहमीच्या श्रवणचाचणीत असे नुकसान दिसत नाही, गर्दीत बोलणे न कळण्यातून ते जाणवू शकते. माणसात हे किती आवाजाला सुरू होते, यावर शास्त्रज्ञांत एकमत झालेले नाही. ते झाले तर आजचे सगळे आकडे पुन्हा तपासावे लागतील.

तिसरा प्रश्न खर्जाचा. कानाच्या नुकसानीसाठी ‘ए’ पुरेसे मानले जाते, पण शेजारच्या घरातल्या काचा थरथरतात त्या खर्जाने, आणि ‘ए’ तो खर्ज जवळजवळ वगळते. कायद्यातले आकडे ‘ए’चेच आहेत. वूफरच्या जमान्यात ‘सी’चीही मर्यादा असावी का, यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद आहेत.

चौथा प्रश्न बेरजेचा. फोन इअरफोन मोजतो, मीटर खोली मोजतो आणि पोलिसांचा मीटर रस्ता मोजतो. कान मात्र एकच असतो, आणि तिन्हींची बेरीज आज कोणीच करत नाही.

आज काय करता येईल

एवढ्या मतभेदांतूनही एक गोष्ट स्पष्ट होते. घराच्या मीटरवरचा आकडा ‘सुरक्षित’ किंवा ‘धोकादायक’ असा निकाल देत नाही. किती वेळ, कोणत्या जागी, कोणत्या भारांकनाने आणि कोणाच्या कानासाठी या चार गोष्टी जोडल्या की त्याला अर्थ येतो. स्पीकर आणि टीव्हीसाठी मीटर कामाचा आहे. इअरफोनसाठी फोनचा आठवड्याचा हिशेब जास्त कामाचा आहे. शेजाऱ्याच्या तक्रारीसाठी हद्दीवरचे मोजमापच ग्राह्य धरायला हवे.

घरातली ही यंत्रे ताडून घेण्यासाठी लागणाऱ्या संस्था या भागात आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उपप्रादेशिक कार्यालये नांदेड आणि लातूर दोन्हीकडे आहेत. दोन्ही शहरांत वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. दर वर्षी 3 मार्चच्या जागतिक श्रवण दिनाला त्यांनी मिळून लोकांचे मीटर आणि फोन एका तपासलेल्या उपकरणाशेजारी ठेवून ताडून दिले, तर प्रत्येकाला आपले यंत्र किती चुकते ते कळेल. सुरुवात विद्यार्थ्यांच्या खोल्यांपासून व्हावी. आठवड्याचे तास तिथेच सर्वांत जास्त भरतात, आणि पुढची पन्नास-साठ वर्षे ऐकायचे आहे तेही याच मुलांना.